लाटेचे शिकाऊ

आमचे जवाहरनगर हे भंडाऱ्याजवळचे कारखान्याचे गाव. आयुध निर्माणीचा भोंगा, ओळीने बांधलेली क्वार्टर्स आणि सायंकाळी सायकलींची रांग, असे आमचे बालपण. समुद्र येथून कोणत्याही दिशेला शेकडो मैल दूर. तरी पाण्याची आम्हांला वाण नाही. भंडारा हा तलावांचाच जिल्हा. कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांधलेले हे तलाव. पण त्यांचे पाणी शहाण्या मुलासारखे एका जागी बसणारे. लाट म्हणून आम्ही पाहिली ती फार तर दगड टाकल्यावर उठणारी वलये.

अशा तलावात मी पोहायला शिकलो. पाठीला रिकामा डबा बांधून मला पाण्यात उतरवले ते एका ढिवर काकांनी. ते शिंगाडे काढायला येत. पोरे आरडाओरडा करून पाणी घुसळू लागली की म्हणत, "पाण्याशी भांडू नको रे बापू, पाणी जड आहे, तेच जिंकते."

हे वाक्य मला एकसष्टाव्या वर्षी पुन्हा ऐकू आले. निवृत्तीनंतर लेकीकडे चेन्नईला गेलो होतो. तेथून दक्षिणेला कोवलम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तेथे मुले फळीवर उभी राहून लाटेवरून येत होती. नात म्हणाली, "आजोबा, तुम्हीही शिका ना!" दिवाळीच्या फराळाने वाढलेले पोट आणि नातीसमोरचा अभिमान यांत अभिमान जिंकला.

शिकवणारा तरुण कोळ्याचा मुलगा. त्याने आधी वाळूतच फळी ठेवून मला पालथे पाडले. हातांनी वल्हवायचे, लाटेने फळी उचलली की हात टेकून एका झटक्यात उभे राहायचे, गुडघे वाकलेले, नजर समोर. वाळूत मी उत्तम सर्फिंग केले. पाण्यात सात वेळा पडलो. दर वेळी मी पायांकडे बघे, आणि जिकडे नजर तिकडे देह. तो मोडक्या हिंदीत सांगे, "अंकल, लाटेशी लढू नका. ती तुम्हांला नेणारच आहे." आठव्या वेळी मी उभा राहिलो. किती वेळ? नातीच्या मते तीन सेकंद. माझ्या मते बराच वेळ.

अंग दुखत होते म्हणून चार दिवस पडून राहिलो, आणि आपल्यासारखे आणखी कोण कोण पडले हे पुस्तकांत शोधू लागलो. मंडळी मोठी निघाली.

मार्क ट्वेन 1866 मध्ये हवाई बेटांवर गेला होता. त्याने लाट साधण्याचा प्रयत्न केला; फळी किनाऱ्याला पोहोचली, लेखक पाण्याच्या तळाशी. जॅक लंडनने 1907 मध्ये वायकिकीच्या किनाऱ्यावर हा खेळ शिकला, पण उन्हाने अंग असे भाजले की त्याला अंथरूण धरावे लागले. रहस्यकथांची राणी अगाथा ख्रिस्ती 1922 मध्ये पतीबरोबर जगप्रवासाला निघाली असता आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग होनोलुलूला शिकली. तेथे प्रवाळाने तिचे पाय कापले. तरीही ती शेवटी उभी राहिलीच!

पण ही विद्या मुळात यांची नव्हे. हवाईच्या भाषेत तिला 'हेए नालू' म्हणतात. हेए म्हणजे घसरणे, नालू म्हणजे लाट. राजापासून कोळ्यापर्यंत स्त्री-पुरुष सारे ती जाणत. फळ्या कोआच्या, नीरफणसाच्या किंवा विलीविलीच्या लाकडाच्या. हा विलीविली आपल्या पांगाऱ्याचाच भाऊबंद, तसाच हलक्या लाकडाचा. कप्तान कुकच्या जहाजावरील वैद्य अँडरसन याने 1777 मध्ये ताहितीला एक माणूस होडीतून लाटेवर स्वार होताना पाहिला. 1779 मध्ये लेफ्टनंट किंगने हवाईतील फळ्यांचे वर्णन लिहिले. दर्यावर्दी म्हणून जगभर हिंडलेली ही माणसे थक्क झाली, कारण ज्या लाटेला ते भीत, तिच्याशी तेथली माणसे खेळत होती.

पुढची गोष्ट सुखाची नाही. बाहेरून आलेल्या रोगांनी बेटांवरची माणसे भराभर मेली. 1820 पासून आलेल्या मिशनऱ्यांना हा खेळ आळसाचा व उघड्या अंगाचा वाटे. शिकवणारे गेले, शिकणारे उरले नाहीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाटांवर थोडेच लोक दिसत. विद्या पुस्तकात मरत नाही, वाचकहो. ती शिकाऊ मिळेनासा झाला की मरते.

ती वाचवली वायकिकीच्या किनाऱ्यावरच्या पोरांनी. त्यांतलाच एक ड्यूक कहानामोकू. 1912 मध्ये स्टॉकहोमला आणि 1920 मध्ये अँटवर्पला त्याने शंभर मीटर पोहण्यात ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. परंतु त्याचे खरे मोठेपण मला 1925 च्या जून महिन्यात दिसते. कॅलिफोर्नियात 'थेल्मा' नावाची बोट लाटांत उलटली. 29 जण पाण्यात. 17 बुडाले, 12 वाचले, आणि त्या बारांपैकी आठांना ड्यूकने आपल्या फळीवरून एकट्याने बाहेर काढले. ज्याला लोक रिकामटेकड्यांचा खेळ म्हणत, त्याने आठ घरे उजेडात ठेवली.

हे सारे हवाईचेच, असेही नाही. मद्रासला बंदर नव्हते तेव्हा जहाजे दूर उभी राहत आणि किनाऱ्याच्या फुटत्या लाटा ओलांडायच्या त्या कोळ्यांच्याच भरवशावर. त्यांच्या मसुला होड्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याने शिवलेल्या. म्हणून लाटेचा मार बसला तरी वाकत, फुटत नसत. 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेले ओंडके. त्यावर बसून कोळी टोपीत चिठ्ठ्या ठेवून जहाजापर्यंत जात. गव्हर्नर असो की कारकून, त्या अर्ध्या तासापुरता शिकाऊच, आणि गुरू म्हणजे लंगोटी नेसलेला कोळी. गव्हर्नरांची नावे इतिहासात आहेत. त्या कोळ्यांची नाहीत.

आज त्याच किनाऱ्यावर त्यांचीच मुले जगाला शिकवतात. टोकियोच्या ऑलिंपिकपासून, म्हणजे 2021 पासून, हा खेळ तेथेही आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाल्या आणि रमेश बुदिहाळने भारताला कांस्यपदक मिळवून दिले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि एकदम ओशाळलो. कुकचा वैद्य कोण, ट्वेन कोठे पडला, हे सारे मला पाठ. पण ज्यांनी मला पाण्यात उतरवले त्या ढिवर काकांचे नाव मी कधी विचारलेच नव्हते. 'काका' म्हटले की झाले, असे वाटे. तेच तर इतिहासकारांनी केले!

घरी परतल्यावर तलावाकाठच्या वस्तीत गेलो. काका आता नाहीत. त्यांच्या सुनेने पाट मांडला, चहा दिला आणि मी विचारल्यावर सासऱ्यांचे नाव सांगितले. पन्नास वर्षांनी ते नाव मी पहिल्यांदा उच्चारले. मग तिने आत हाक मारली. दहा वर्षांचा नातू बाहेर आला. "याला पोहता येत नाही हो," ती म्हणाली. "याचे बाबा कामाला नागपूरला, शिकवणार कोण?"

दिवाळी झाली, थोडे ऊन चढले, की आम्ही दोघे तलावात उतरणार आहोत. डबा मी आणीन.