तुरीचे वय

‘पेरेनियल म्हणजे बारमाही’ हे समीकरण शाळेच्या भूगोलात एकदा डोक्यात बसले की सहसा निघत नाही. गंगा बारमाही, अमक्याची विहीर बारमाही, मग झाडालाही तेच विशेषण. त्यातून ओघानेच असे ठरते की वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावासारख्या कोरडवाहू मुलखात पेरेनियल म्हणावे असे पीक नाही. पहिल्या पावसावर सोयाबीन आणि तूर पेरायची, सोयाबीन दसरा-दिवाळीकडे काढायचे, तूर पौषात. पुढे शिवार उघडे.

हा पक्ष अगदीच पोकळ नाही. लॅटिनमधले ‘पेरेन्निस’ अखंड वाहणाऱ्या पाण्यालाही लावीत. ‘पेर’ म्हणजे आरपार, ‘अन्नुस’ म्हणजे वर्ष. (पेरणीशी नाते जोडण्याचा मोह आवरावा, जोडायचेच तर आपल्या ‘परि’शी जोडावे.) ‘अन्नुस’चा संबंध भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातल्या ‘अत्’ धातूशी लावतात, आणि धातुपाठात त्याचा अर्थ ‘सातत्यगमन’ असा दिला आहे. वर्ष म्हणजे चालत राहणारे. तेव्हा नदीपुरते बारमाही बरोबरच आहे.

पगाराच्या कागदावरच्या ‘पर अ‍ॅनम’वरून कोणी पेरेनियलचा अर्थ ‘दरसालचे’ असा करतात, तो मात्र साफ चूक. शब्द तेच दोन, पण तिथे ‘पर’ वाटणी करतो, इथे पार नेतो. दरसाल नव्याने पेरावे लागते ते ‘अ‍ॅन्युअल’, म्हणजे नेमके उलट टोक.

खरा प्रश्न असा: पार करायचे ते एक वर्ष की अनेक वर्षे? इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात सदाहरित पानांसाठी आला आणि त्याच शतकात दोनपेक्षा जास्त वर्षे जगणाऱ्या वनस्पतींकडे वळला. लिनियसने 1753च्या ग्रंथात आयुर्मानाला ग्रहांच्या खुणा दिल्या. एका वर्षाच्या झाडाला सूर्य, दोन वर्षांच्याला मंगळ आणि पेरेनियलला गुरू. का, तर गुरूची प्रदक्षिणा साधारण 12 वर्षांची. बारमाहीवाल्यांचा ‘बारा’ आकडा जुळला खरा, पण तो महिन्यांचा नव्हे.

आता हरळी पाहा. वैशाखात काळ्या रानात तिचे एक हिरवे पाते दिसत नाही; पहिला पाऊस पडताच तीच मुळी पुन्हा फुटते. बारमाही हिरवी ती नाही, पण तिच्याइतकी चिवट पेरेनियल शोधून सापडायची नाही, हे तिच्यामागे कुदळ घेऊन लागलेल्या कोणालाही विचारा. हळदीचेही तसेच. पाला वाळतो, जमिनीखाली गड्डा जिवंत असतो. म्हणून तर जेठे गड्डे बेण्याला राखतात. उलट आंबा वर्षातून एकदाच फळतो म्हणून त्याला कोणी वार्षिक म्हणत नाही.

आणि तूर? वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते काही वर्षे जगणारे झुडूप आहे. पौषात संपते ते तिचे आयुष्य नव्हे, आपले पीक. बांधावर एखादे झाड कापायचे राहून गेले आणि गुरांच्या तोंडून वाचले, तर पुढल्या पावसात ते पुन्हा फुटते. म्हणजे ज्या शिवारात पेरेनियल काही नाही असे म्हणत होतो, तिथे सोयाबीनच्या तासांशेजारी तेच उभे असते.

मराठीला शब्दाची अडचण नाही. विश्वकोशाने ‘बहुवर्षायू’ रूढ केला आहे. तो जिभेला जड वाटला तर शेतकऱ्याकडे उसाचा ‘खोडवा’ आहे, कपाशीची ‘फरदड’ आहे. हंगाम संपला तरी पऱ्हाटी न उपटता पाणी देऊन पुन्हा बोंडे घेणे, ती फरदड. गुलाबी बोंडअळीला तिच्यावर आसरा मिळतो, म्हणून कृषी विभाग फरदड घेऊ नका असे सांगत असतो. पऱ्हाटी खरोखर एका वर्षाचीच असती, तर ते सांगावेच लागले नसते.