धूर, पान्हा आणि कायदा

मोटारीचा इतिहास सांगावयाचा तो तिच्या वेगाचा, अशी प्रथा आहे. आज आम्ही तिच्या धुराचा सांगणार आहोत. आणि त्यातही एका चमत्कारिक प्रकरणाचा. कायद्याच्या आज्ञेने कारखानदारांनी इंजिनावर जी धूर-निवारक साधने बसविली, ती अमेरिकेतल्या कित्येक मालकांनी हाती पान्हा घेऊन काढून का टाकली?

कथा सुरू होते लॉस एंजेलिसला. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि वर लख्ख ऊन असे ते शहर. १९४३ च्या उन्हाळ्यात तेथे अशी धुरकट हवा साचली की माणसांचे डोळे झोंबू लागले. युद्धाचे दिवस, शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. मग कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर ठपका आला. तो काही काळ बंद झाला, पण धुरके हटेना. खरा गुन्हेगार दाखविला तो हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनज्ञाने. हे गृहस्थ अननसाचा सुवास कशाने येतो याचा शोध घेत होते! पेट्रोलचे न जळलेले अंश आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सिद्ध केले. म्हणजे शहराचा शत्रू शहराच्याच दारात उभा होता.

पहिला उपाय अगदी साधा होता. पिस्टनच्या कड्यांतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतो. पूर्वी तो एका उघड्या नळीवाटे रस्त्यावर सोडून देत. १९६१ पासून कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांत एक लहानसा व्हॉल्व्ह बसवून तो पुन्हा इंजिनातच जाळण्यास पाठविला जाऊ लागला. गंमत अशी की, या व्हॉल्व्हने तेलात साचणारा गाळही कमी होतो. तरी इंजिनाला ‘मोकळा श्वास’ मिळावा म्हणून तो बंद करणारे निघालेच. श्वास मोकळा झाला नाही, गाळ मात्र वाढला.

पुढे साधनांची गर्दी झाली. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलणारा पंप आला. जळालेला वायू थोडा परत सिलिंडरमध्ये सोडून ज्वलनाची उष्णता कमी करणारा व्हॉल्व्ह आला. १९७० च्या अखेरीस निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली, आणि मोटारीच्या दोन प्रमुख विषारी वायूंत नव्वद टक्के घट करण्याची मुदत १९७५ ठरली. कारखानदार घाईला आले. १९७३-७४ च्या गाड्या खरोखरच अडखळत चालत, पेट्रोल जास्त पीत. आणि नेमक्या त्याच वेळी, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेल अडविले. मालक चिडला तर त्यात नवल ते काय?

परंतु त्याच्या रागात एक गैरसमजही मिसळला होता. १९७२ पासून अमेरिकन कारखानदार इंजिनाची अश्वशक्ती निराळ्या रीतीने मोजू लागले. पूर्वी पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता उघडे इंजिन मोजत. आता सर्व लवाजम्यासह मोजू लागले. तेच इंजिन कागदावर एकाएकी दुबळे झाले. शिवाय शिसेविरहित पेट्रोलसाठी इंजिनाचा दाबही उतरविला होता. इतिहासकाराला हे तीन धागे वेगळे करता येतात. गॅरेजमधल्या मिस्त्रीला समोर दिसत होत्या त्या फक्त रबरी नळ्या आणि पंप. त्याने तेच सोडविले. पंप काढून वाचणारी शक्ती नगण्य. आणि वायू परतविणारा व्हॉल्व्ह बंद केला की पुष्कळ इंजिने ठोके देऊ लागत, कारण त्यांची ठिणगीची वेळ त्याच हिशेबाने लावलेली असे.

सर्वांत दुर्दैव कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे. प्लॅटिनम-पॅलॅडियमचा लेप असलेला हा डबा १९७५ च्या बहुतेक नव्या गाड्यांवर आला. धूर एक्झॉस्टमध्येच शुद्ध होऊ लागल्यामुळे इंजिनाची जुळणी पुन्हा सैल करता आली, गाड्या अधिक मैल जाऊ लागल्या. तरी त्याच्या जागी सरळ नळी ठोकणारे होतेच. शिशाने हा डबा निकामी होतो, म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले होते. शिशाचे पेट्रोल काही सेंटांनी स्वस्त मिळे, म्हणून लोकांनी ते तोंडही रुंद केले! आमच्या मते येथे मालकाची बाजू लंगडी पडते. इंजिन त्याचे, पण शिसे शेजारच्या मुलाच्या रक्तात जाणारे.

कायदा सावकाश मागोमाग आला. १९७० च्या कायद्याने ही साधने काढण्यास बंदी केली ती कारखानदार आणि विक्रेते यांना. १९७७ साली दुरुस्तीची गॅरेजे तीत आली आणि १९९० साली स्वतः मालक. म्हणजे तोवर आपल्या अंगणात पान्हा चालविणाऱ्या मालकाला संघराज्याच्या या कलमाची भीती नव्हती. कॅलिफोर्नियाने मात्र १९८४ पासून ठराविक मुदतीने गाड्या तपासण्यास आरंभ केला. १९७५ व त्याआधीच्या मोटारींना तेथे आज ही तपासणी माफ आहे.

आपल्याकडे हा डबा आला तो १ एप्रिल १९९५ रोजी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतील नव्या मोटारींवर, शिसेविरहित पेट्रोलसह. ते पेट्रोल देशभर सर्वत्र झाले २००० साली. मधल्या वर्षांत मुंबईची नवी मोटार घेऊन लांबच्या गावी निघालेल्याला, टाकीत काय पडते यावर स्वतःच लक्ष ठेवावे लागे.