तीन पात्यांच्या पवनचक्कीचे कुळ

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर फिरणाऱ्या तीन पात्यांच्या पवनचक्क्यांचे मूळ गाव डेन्मार्कमध्ये आहे आणि मूळपुरुष एक मास्तर.

पोल ला कूर आस्कोव्हच्या लोकशाळेत शिकवत. 1891 मध्ये सरकारी अनुदानातून त्यांनी तिथे वीज देणारी पवनचक्की उभारली. वारा लहरी, हवा तेव्हा पडतो, नको तेव्हा सुटतो. म्हणून चक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन करायचे, हायड्रोजन टाकीत साठवायचा आणि त्यावर शाळेतले दिवे लावायचे, असा उपाय त्यांनी काढला. हायड्रोजनमध्ये प्राणवायू मिसळला की स्फोट होई आणि खिडक्यांच्या काचा फुटत. पाती मोजकी आणि वेगवान असली तर वीज जास्त मिळते, हेही त्यांनीच प्रयोगाने दाखवले.

1904 मध्ये त्यांच्या वर्गात योहानेस यूल नावाचा तरुण होता. पुढे वीज कंपनीत अभियंता झालेल्या यूल यांनी साठवणीचा नादच सोडला. वाऱ्याची वीज थेट ग्रिडमध्ये सोडायची, असे त्यांनी ठरवले. 1957 मध्ये गेडसर येथे त्यांची 200 किलोवॅटची, तीन पात्यांची चक्की सुरू झाली. तिचे जनित्र म्हणजे आपल्या विहिरीवरच्या पंपाला असते त्याच जातीची इंडक्शन मोटार. ग्रिडला जोडलेली ही मोटार नेहमीपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरवली की ती वीज खाण्याऐवजी देऊ लागते आणि तिचा वेग ग्रिडच आवरून धरते. ही चक्की मोठ्या दुरुस्तीविना 1967 पर्यंत चालली. तेल स्वस्त होते, त्यामुळे तिचा वंश तिथेच खुंटला असता.

पण 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले. डेन्मार्कची ऊर्जेची सुमारे 90 टक्के गरज आयात तेलावर भागत होती. वीज कंपन्यांना अणुभट्ट्या हव्या होत्या, लोकांना नको होत्या. ख्रिश्चन रीसागेर या सुताराने यूल यांच्या धर्तीवर 22 किलोवॅटची चक्की बांधून ग्रिडला जोडली. शेतीची अवजारे बनवणारी व्हेस्टास कंपनीही या धंद्यात उतरली. सरकारने 1979 पासून खर्चाचा 30 टक्के वाटा उचलला. गावोगावच्या सहकारी मंडळ्यांनी चक्क्या विकत घेतल्या. जर्मनीने 1983 मध्ये एकदम 3 मेगावॅटची ग्रोविआन ही चक्की उभारली; ती काही वर्षांतच मोडीत निघाली. डॅनिश चक्की मात्र पायरीपायरीने वाढली. 1991 मध्ये विंडेबी येथे ती समुद्रात उतरली, तेव्हाही एकेका यंत्राची क्षमता 450 किलोवॅटच होती.

हीच यंत्रे भारतात आली. 1986 मध्ये गुजरात, महाराष्ट्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर पहिली पवनक्षेत्रे उभी राहिली, ती व्हेस्टासच्या 55 किलोवॅटच्या चक्क्यांवर.

आज डेन्मार्कच्या वीजवापरात निम्म्याहून अधिक वाटा वाऱ्याचा आहे. ते जमते याचे मोठे कारण समुद्राखालून नॉर्वेला गेलेल्या तारा. वारा पडला की नॉर्वेची धरणे वीज देतात. वारा सुटला की तिथले पाणी राखून ठेवले जाते. म्हणजे ला कूर यांचा साठवणीचा प्रश्न टळला नाही, तो शेजाऱ्याने सोडवला. हाच प्रश्न आता भारतापुढे आहे. 2025 मध्ये भारताची सौर क्षमता 100 गिगावॅटच्या पुढे गेली, पवन क्षमता 50 गिगावॅटला पोचली. चक्क्या आणि पॅनेल आपण उभारले. साठवण आणि पारेषण तारा त्याच वेगाने उभारल्या नाहीत, तर हे आकडे कागदावरच मोठे दिसतील.