पंचाहत्तरची दहावी

घाटनांदूरची आमची बॅच पहिल्या दहावीची. त्याआधी मॅट्रिक म्हणजे अकरावी. १९७५ ला दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली अन् त्यात आम्ही बसलो. अकरावी न करता मॅट्रिक कसली, असं आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे.

वर्ग मात्र आधीच रोडावला होता. १९७२ च्या दुष्काळात आम्ही आठवीत. पोरं आईबापामागं खडीवर जायची. सुकडी अन् लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. पुढं पाऊस आला, पण काही जण शाळेत आलेच नाहीत. हजेरीत त्यांची नावं बरेच दिवस पुकारली जायची.

परवा भेटलो. एक परळीच्या थर्मलमधून रिटायर, एक अंबाजोगाईला मास्तर होता, दोघं पुण्यात पोरांकडं. बायका दोनच आल्या. सगळ्यात शेवटी आला तो आठवीत सुटलेला. जन्मभर ऊसतोड, कोयता धरून बोटं वाकलेली. दारातच थांबला.

"मी कुठं पास झालो? मला कामून बोलवलं?"

थर्मलवाल्यानं खुर्ची सरकवली. "बस की गड्या. खडीवर माझी पाटी तूच उचलायचास."

बसला. जेवणं झाल्यावर त्यानं मास्तराला हळूच विचारलं, "नात दहावीला हाय. ल्योक-सून दिवाळीनंतर कारखान्याला जाणार, पट्टा पडायच्या आधीच परीक्षा. पोरीला कुठं ठेवावं?"

मास्तरानं चष्मा लावला अन् फोन काढला.