तळटीप १४ : ‘दूरदर्शनचे भिडे’

१४. म्हणजे प्रदीप भिडे (निधन : ७ जून २०२२, मुंबई). मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या पहिल्या दशकातच भिडे मराठी बातम्या देऊ लागले आणि सुमारे चार दशके देत राहिले. पत्रकारितेचे शिक्षण त्यांनी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये घेतले होते. वृत्तनिवेदन ही तेव्हा बहुतेकांची पूर्णवेळ नोकरी नसे : अनंत भावे प्राध्यापक होते, तर भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील अभिनेत्री. भिडे यांनीही खासगी कंपन्यांत जनसंपर्काचे काम केले. पुढे जाहिराती व माहितीपटांना आवाज दिला आणि समारंभांचे सूत्रसंचालनही केले. भारदस्त आवाज, स्वच्छ उच्चार आणि बातमीत स्वतःचे मत न मिसळण्याचा संयम ही त्यांची वैशिष्ट्ये. २००७च्या सुमारास चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या, निवेदनाचा वेग आणि पट्टी दोन्ही चढली. भिडे यांनी आपली शैली बदलली नाही. मूळ मजकुरात त्यांचा उल्लेख वर्तमानकाळात आहे, कारण हे प्रकरण त्यांच्या हयातीत लिहिले गेले. तो तसाच ठेवला आहे. – संपादक