ते लोक 'गायब' झालेच नव्हते

"अमेरिकेला कसला आलाय इतिहास, दोन-अडीचशे वर्षांचा देश तो!" हे वाक्य आपल्या कट्ट्यावर महिन्यातून एकदा तरी ऐकतो. त्यांच्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी नातेवाइकांकडे न्यू मेक्सिकोत जाणं झालं. अल्बुकर्कीहून गाडीने कोलोरॅडोतलं मेसा व्हर्दे गाठलं. चार-साडेचार तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं आणि ओसाड माळ. मग गाडी पठारावर चढते, आपण कड्याच्या टोकाशी उभे राहतो आणि समोरच्या कपारीत अख्खं गाव दिसतं. क्लिफ पॅलेस. सुमारे १५० खोल्या आणि वीसहून जास्त 'किवा', म्हणजे धर्मकार्याच्या, बैठकीच्या गोल खोल्या.

अजिंठा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर फसाल. इथे डोंगर कोरलेला नाही. कपार निसर्गाची, आत दगड घडवून, मातीच्या गाऱ्यात बांधलेली घरं माणसांची. वालुकाश्मातून झिरपणारं पाणी खालच्या शेलच्या थराला अडतं आणि आडवं बाहेर पडतं. तिथला दगड ढिला होऊन गळत जातो, कपार तयार होते. म्हणजे पाण्यानेच जागा केली आणि बऱ्याच कपारींत झराही मागच्या भिंतीला. तोंड नैऋत्येला, त्यामुळे हिवाळ्याचं तिरपं ऊन आत, उन्हाळ्यात सावली. शेती मात्र वर पठारावर: मका, घेवडा, भोपळा. जायला कड्यात हातपाय रुतवण्यापुरत्या खोबण्या. म्हातारी माणसं तिथून कशी चढत असतील, या विचारानेच माझे पाय लटपटले.

हे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्याच्या अखेरीपर्यंतचं काम. आपल्याकडे देवगिरीला यादव होते, तो काळ. इतकं नेमकं कळतं ते छताच्या लाकडांवरून. ए. ई. डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने झाडांच्या वर्तुळांची साखळी १९२९ मध्ये जुळवली. ओल्या वर्षी वर्तुळ जाड, कोरड्या वर्षी बारीक. त्या वर्तुळांत १२७६ ते १२९९ हा मोठा दुष्काळही लिहिलेला आहे. १३०० च्या सुमारास घरं रिकामी झाली. एकटा दुष्काळच कारण होता असं नाही, भांडणंही होती.

पुढे शंभर वर्षं पर्यटनाची पुस्तकं सांगत राहिली, की हे लोक 'गूढरीत्या नाहीसे झाले'. अहो, नाहीसे कुठले? दक्षिणेला गेले. होपी, झुनी, अ‍ॅकोमा, रिओ ग्रांद काठचे प्वेब्लो, हे त्यांचेच वंशज आणि आजही तिथे नांदताहेत. दुष्काळात गाव सोडणं आपल्या भागाला वेगळं समजावून सांगायला नको. पण एकदा 'नाहीसे झाले' म्हटलं की त्यांच्या वस्तूंना वारस उरत नाही, आणि इथेच खरी गोम आहे.

१८८८ च्या डिसेंबरात रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन या गुराख्यांनी क्लिफ पॅलेस 'शोधला'. तिथल्या यूट लोकांना तो आधीच ठाऊक होता. जॉन स्मिथने १८१९ मध्ये अजिंठा 'शोधला' तसाच हा प्रकार! मग उकरणं सुरू झालं. भांडी, कापड, माणसांचे सांगाडेसुद्धा. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशॉल्ड हा २३ वर्षांचा स्वीडिश तरुण आला. त्याने नोंदी, फोटो नीट ठेवले, हे कबूल करायला हवं. पण माल बाहेर नेताना त्याला दुरँगोत अटक झाली आणि लगेच सोडावंही लागलं, कारण असं काही रोखणारा कायदाच नव्हता. संग्रह शेवटी फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचला.

त्यानंतर व्हर्जिनिया मॅक्लर्ग आणि लूसी पीबॉडी या दोघींनी वर्षानुवर्षं रान उठवलं. मॅक्लर्गबाई आपल्याच धंद्यातल्या, वृत्तपत्रासाठी लिहायला आल्या आणि तिथल्याच झाल्या. पुढे राष्ट्रीय उद्यान की राज्याचं, यावरून दोघींचं फाटलं, ते सोडा. १९०६ च्या जूनमध्ये पुरावास्तूंचा कायदा आला आणि त्याच महिन्यात मेसा व्हर्दे राष्ट्रीय उद्यान झालं.

नेलेली माणसं परत यायला मात्र २०२० उजाडलं. वंशज जमातींनी पाठपुरावा केला, दोन्ही सरकारांत बोलणी झाली. वीस पूर्वजांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या २८ वस्तू हेलसिंकीहून आल्या आणि त्या सप्टेंबरात उद्यानातच पुन्हा मातीत ठेवल्या गेल्या. बाकीच्या शेकडो वस्तू अजून फिनलंडमध्येच आहेत.