राख, पावडर आणि डब्यावरचा एक शब्द

निगडीतल्या एखाद्या वर्गात विचारून पाहा : आजी गावाकडे भांडी कशाने घासायची? 'चुलीतल्या राखेने' हे उत्तर हमखास येईल. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, कारखान्यांतली कुटुंबे इथे वसली आणि चुलीबरोबर राखही गेली. मग पावडर आली, वडी आली आणि आता काही घरांत भांडी धुण्याचे यंत्रही आले आहे.

रसायनशास्त्राचा धागा मात्र एकच. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. त्याच्या अल्कधर्मी पाण्याने तेलकटपणा सुटतो. यंत्रात घासणारा हात नसतो, म्हणून त्याच्या पावडरीत सोडियम कार्बोनेट आणि काहींत त्याहून तीव्र सोडियम मेटासिलिकेट घालतात.

धोका इथेच आहे. आम्लाने प्रथिने गोठतात आणि तो थर आम्लाला बरेचदा अडवतो. अल्क प्रथिने विरघळवतो, स्निग्ध पदार्थांचा साबण करतो आणि आत शिरत राहतो. अन्ननलिका भाजते आणि जखम भरताना आकसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साबण करायला, मोरी साफ करायला घरोघरी कॉस्टिक सोडा असे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर शेव्हेलियर जॅक्सन यांच्याकडे तो खाल्लेली मुले येत. काहींना पाण्याचा घोटही उतरत नसे. जॅक्सन त्यांच्या अन्ननलिका हळूहळू रुंद करत. पण दोष मुलांचा नाही, डब्याचा आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर ४ मार्च १९२७ रोजी कायदा झाला : डब्यावर 'विष' हा शब्द आणि प्रथमोपचार छापलाच पाहिजे.

पण दोन वर्षांचे मूल वाचत नाही. म्हणून १९७० च्या कायद्याने मुलांना सहज न उघडणारी झाकणे आणली.

आपण उरलेली पावडर खाऊच्या बरणीत किंवा पाण्याच्या बाटलीत भरतो, तेव्हा लेबल आणि झाकण दोन्ही एकदम गमावतो. राखेला कोणी साखर समजत नसे. पांढऱ्या पावडरीचे तसे नाही.

वर्गात राखेचे निथळलेले पाणी आणि यंत्राच्या पावडरीचे पाणी हळदीच्या कागदावर टाकून दाखवा. दोन्हींनी कागद लाल होतो. पावडर मात्र शिक्षकांनीच हाताळावी. आणि मुलांना हेही सांगा : कोणी ती गिळली तर उलटी करवू नका, लिंबू देऊ नका, तोंड धुऊन, डबा सोबत घेऊन, तडक दवाखाना गाठा.